दहा सेंटिमीटरचा प्रश्न

आमच्या गल्लीत गतिरोधक हवा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुण्यात एकमत फार दिवस टिकू देत नाहीत, म्हणून लगेच सभा बोलावली.

दुखणं साधं आहे. हमरस्त्यावरचा सिग्नल चुकवायला निम्मं शहर आमच्या गल्लीतून घुसतं. टँकर येतात, रिक्षा येतात, उशीर झालेली डिलिव्हरीची पोरं येतात. सकाळी दुधाला निघालेला माणूस घरच्यांचा रीतसर निरोप घेतो.

सभा मंडळाच्या शेडमध्ये भरली. आजोबांनी 12 जुलै 1961 पासून सुरुवात केली. ते प्रत्येक सभेत तिथूनच निघतात. पानशेत फुटलं, पूर आला, पूरग्रस्तांसाठी ही वसाहत झाली आणि तेव्हा गल्लीतून दिवसाकाठी एखादा टांगा जायचा. मागची सभा भटक्या कुत्र्यांवर होती, तेव्हाही टांगा आलाच होता. आजोबा 1972 च्या दुष्काळापर्यंत पोचले, तशी अध्यक्षांनी चहाची ऑर्डर दिली.

मग शेजारचा नवा सिव्हिल इंजिनियर उठला. "इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे..."

"हे बघ बाळा, सभेत राजकारण नको," मागून काकू.

ही काँग्रेस रस्त्यांचे निकष ठरवते, 1934 पासून ठरवते, हे त्यानं घसा सुकेपर्यंत सांगितलं. तरी एका काकांचं म्हणणं, दुसऱ्या बाजूचंही मत घ्या.

निकष असा, की गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, रस्त्याच्या दिशेनं 3.7 मीटर लांब आणि पाठीला गोलसर हवा. म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं गाडी सुखरूप पार होते. आम्हाला माहीत असलेला गतिरोधक वेगळा. रात्रीतून कुणीतरी उरलेलं काँक्रीट ओततं, सकाळी वरंबा तयार! त्यावरून स्कूटर गेली की डिकीतली अंडी आणि कमरेतला मणका एकाच वेळी बोलतात.

तर 3.7 मीटर म्हणजे बारा फूट. आमच्या गल्लीत फाटकाला लागून फाटक. बारा फूट कुठंही मोजा, कुणाचं ना कुणाचं फाटक त्यात येणारच. हे ध्यानात आलं आणि एकमत संपलं.

कोपऱ्यातल्या काकांच्या मते त्यांच्यासमोर उंचवटा झाला की पावसाचं पाणी अंगणात शिरणार. "पाणी आम्ही एकदा पाहिलंय," ते म्हणाले. आजोबा पुन्हा सावध होऊन बसले. क्लासवाल्या मॅडमना हॉर्नची भीती. पलीकडच्या घरी हार्ट पेशंट, तिथं गियर बदलल्याचा आवाज चालणार नाही. एकजण म्हणाला, गतिरोधकानं बंगल्याची किंमत पडते. दुसरा म्हणाला, वाढते. दोघं कडाकडा भांडले. बंगला दोघांनाही विकायचा नव्हता.

बाहेरच्यांचा वेग सगळ्यांनी निषेधला. गल्लीतली सर्वांत सुसाट बाइक ज्या घरातून सुटते, त्या घरचे वडील सभेचे अध्यक्ष होते, हा मुद्दा अजेंड्यावर नव्हता. (चहाही त्यांच्याकडचाच होता, त्यामुळे मीही तो काढला नाही.)

वॉर्ड ऑफिसचे तरुण अभियंता टेप घेऊन केव्हाचे उभे होते. जागा दाखवा, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी जागा ठरवण्यासाठी समिती नेमायचं ठरलं आणि सभा रस्त्यावर आली.

पुण्यात सभा संपते म्हणजे फक्त खुर्च्या उचलल्या जातात. दोन्ही बाजूंना आमच्या गाड्या, मधोमध घोळके करून आम्ही. एक टँकर आला, त्याच्यामागं रिक्षा, त्यांच्यामागं बाइकवाले, आणि सगळे मुंगीच्या पावलांनी, एकही हॉर्न न वाजवता निघाले. अभियंत्यांनी टेप गुंडाळली.

"साहेब, गतिरोधक कशाला? संध्याकाळी रोज अशीच सभा घ्या."

अध्यक्षांनी मान डोलावली. "चांगलं आहे. फक्त माझ्या फाटकासमोर नको."