डेक्कनचे छप्पर आणि चुकीची पगडी

गेल्या काही दिवसांपासून बेळगाव-खानापूर भागात फोनवरून फिरणाऱ्या एका मजकुरात पुणे मेट्रोच्या डेक्कन जिमखाना स्थानकाचे छायाचित्र आहे. हे स्थानक पुणेरी पगडीच्या आकाराचे आहे, तो आकार निव्वळ शोभेचा आहे आणि बेळगावला मेट्रो मिळाली नाही ती केवळ आपण सीमाभागातले म्हणून, असे त्याखाली लिहिले आहे.

पहिले विधान सरळ चूक आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झालेल्या टप्प्यातील डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या लगतच्या दोन्ही स्थानकांची रचना मावळ्यांच्या पगडीवरून घेतलेली आहे. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी ताठ, आधीच बांधून ठेवलेली आणि टोपीसारखी डोक्यावर चढवायची. मावळ्याचे शिरोभूषण म्हणजे वेढे देऊन बांधलेले कापड. झेड ब्रिजवरून ते छप्पर पाहताना मला तरी खानापूरच्या आठवडी बाजारात म्हाताऱ्यांच्या डोक्यावर अजून दिसणारा पटकाच आठवला.

'निव्वळ शोभेचा' हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. पगडी आहे ती फक्त छपरापुरती. तिच्याखालचा तिकिटांचा मजला, जिने आणि फलाट इतर कोणत्याही उन्नत स्थानकासारखेच आहेत. असे फलाट वातानुकूलित नसतात, वारा आणि उजेड मिळावा म्हणून बाजूंनी मोकळे ठेवलेले असतात, आणि म्हणूनच तिरप्या पावसात प्रवासी भिजू नयेत यासाठी रुंद, पाणी झटकन निथळून जाईल असे छप्पर त्यांना लागतेच. ते पगडीसारखेच असायला हवे होते असे नाही, हे मी मान्य करतो. पण आकार काढून टाकला असता तरी छपराचा खर्च उरलाच असता. खरा आक्षेप घ्यायचा तर तो नदीपात्राचा आहे, आणि नेमका तोच या मजकुरात नाही. खडकवासल्यातून पाणी सोडले की जवळचा भिडे पूल बुडतो, अशा मुठेच्या काठाने हा मार्ग खांबांवरून नेला आहे आणि त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दादही मागितली गेली होती.

राहिला बेळगावचा मुद्दा. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत आणि पुण्याची एकतीस लाखांवर होती. सीमाभागाच्या तक्रारी खऱ्या आहेत. फक्त कन्नडमध्ये मिळणारी सरकारी कागदपत्रे त्यांपैकीच एक. त्या यादीत मेट्रो घुसडण्याचे कारण नाही, कारण बेळगावच्या जवळपास दुप्पट वस्तीच्या हुबळी-धारवाडलाही राज्य सरकारने मेट्रो दिलेली नाही. तिथे स्वतंत्र मार्गिकेतून 'चिगरी' बसच धावते.