डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला? मुळीच नाही!

‘डेंग्यूबद्दल डॉक्टर तुम्हाला सांगत नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. काल तो माझ्या मामेबहिणीने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, याचा ताप उतरलाय, मग उद्याची रक्ततपासणी नाही केली तर चालेल ना?’ तिच्या मुलाच्या आजाराचा तो पाचवा दिवस होता. तिला मी फोनवर लगेच ‘नाही’ म्हणून सांगितलं. पण हाच मेसेज आणखी कितीतरी आईबापांच्या हातात असणार, म्हणून इथे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: डेंग्यूत माणूस प्लेटलेट कमी झाल्याने दगावतो; ताप गेला की आजार संपला; पपईच्या पानांचा रस प्यायला की माणूस वाचतो; एकदा झालेला डेंग्यू पुन्हा होत नाही; आणि सलाईन जितकी जास्त तितकी चांगली.

यातला ताप उतरण्याचा मुद्दा जीवघेणा आहे, म्हणून आधी तोच घेतो. डेंग्यूचा गंभीर टप्पा बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. बहुतेक रुग्ण यातून सुखरूप बाहेर पडतात. पण ज्यांचं बिघडतं, त्यांचं याच दिवसांत बिघडतं.

का, ते समजून घ्या. रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचं अस्तर असतं आणि त्यावर साखर व प्रथिनांचं एक नाजूक आवरण असतं, ग्लायकोकॅलिक्स. रक्तातलं पाणी वाहिनीच्या आत टिकतं ते या दोघांमुळे. डेंग्यूचा विषाणू मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींमध्ये वाढतो, आणि त्या पेशी एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. हो, सुरुवातीच्या रक्ततपासणीत शोधतात तेच एनएस-१. ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये २०१५ साली याबद्दलचे दोन शोधनिबंध आले. विषाणू नसताना नुसतं हे प्रथिन उंदरांना टोचलं, तरी त्यांच्या रक्तवाहिन्या गळू लागल्या. शिवाय चवताळलेल्या रोगप्रतिकारक पेशी जी रसायनं सोडतात, त्यांनी अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल होतात. वाहिनी कुठे फाटलेली नसते, पण तिच्यातून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाझरत राहतो.

पाणी बाहेर जातं, तांबड्या पेशी आतच राहतात, रक्त दाट होतं. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजेच पीसीव्ही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण), चढतो. मूळ आकड्यापेक्षा २० टक्के किंवा जास्त वाढ म्हणजे मोठी गळती. पोटात पाणी साठतं, फुफ्फुसांभोवती साठतं. रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, की शॉकची, म्हणजे अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचण्याची, सुरुवात झाली असं समजायचं. आणि इतकं होईपर्यंत रुग्ण पूर्ण शुद्धीत असू शकतो, नीट बोलू शकतो! घरच्यांना वाटतं, ताप गेलाय, पोरगं शांत पडलंय, सुधारतंय. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं किंवा अस्वस्थ तळमळ, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. ताप आहे की नाही ते बघत बसू नका.

आता प्लेटलेट. त्या झपाट्याने पडतात आणि पीसीव्ही चढायला लागतो, तेव्हा तो गळतीचा इशारा असतो. एवढ्यापुरतं मेसेजचं म्हणणं मान्य. पण प्लेटलेटच्या बाटल्या चढवून आकडा वर आणला म्हणजे रुग्ण वाचला, हे खोटं आहे. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ रुग्णांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापली. सगळ्यांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या, पण गंभीर रक्तस्राव कुणालाच नव्हता. ज्यांना प्लेटलेट चढवल्या त्यांच्यातल्या २१ टक्क्यांना पुढे रक्तस्राव झाला, न चढवलेल्यांत २६ टक्क्यांना. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. उलट प्लेटलेट दिलेल्या गटात दुष्परिणाम जास्त दिसले. जोरात रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी.

पपईच्या पानांबद्दल नाइलाजाने अर्धं मान्य करतो. काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या आहेत. पण आजार ओसरताना त्या आपोआपही वाढतात, आणि या रसाने गळती थांबते किंवा मृत्यू टळतो असं कुणीही दाखवलेलं नाही. वर तो कडू रस पिऊन पोराला उलट्या झाल्या, तर त्या रसाच्या की आजाराच्या हे कोण ठरवणार?

‘पुन्हा होत नाही’ हे साफ चूक. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्ध मिळालेलं संरक्षण दुसऱ्यापासून फार काळ वाचवत नाही, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर गंभीर आजाराचा धोका वाढतो.

राहिली सलाईन. गळती साधारण २४ ते ४८ तास चालते. मग अस्तर सावरतं आणि बाहेर पाझरलेलं पाणी पुढच्या दोन-तीन दिवसांत रक्तात परत यायला लागतं. तेव्हाही बाटल्या चालूच ठेवल्या तर ते जादा पाणी फुफ्फुसांत उतरून श्वास कोंडतो. म्हणून सलाईन किती द्यायची, कधी कमी करायची आणि कधी काढायची, हे पीसीव्ही, नाडी, रक्तदाब आणि लघवी पुन्हा पुन्हा तपासूनच ठरवावं लागतं.