कुपोषणाचं खापर नागलीवर?

9 ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन जवळ आला, रानभाजी महोत्सवांचे फोटो यायला लागले, की एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या नागली (नाचणी), वरई आणि पाला खाऊन कुपोषित राहिले. रेशनचा तांदूळ आणि सुधारित बियाणं पोचलं म्हणून ते तगले. आता ‘आमचं अन्न आम्ही ठरवू’ हे संस्थावाल्यांनी शिकवलेलं फॅड आहे, आणि जंगल आदिवासींच्या ताब्यात दिलं तर तेही संपेल. लिहिणाऱ्याच्या मनात वाईटच असेल असं नाही, पण यातलं एकही वाक्य धड उभं राहत नाही.

आधी कुपोषण. 100 ग्रॅम नागलीत साधारण 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात 10 सुद्धा नाही. तेव्हा नागली खाल्ली म्हणून पोरं खंगली, हे काही पटत नाही. ती वर्षभर पुरली नाही, हे खरं दुखणं. आणि का पुरली नाही, ते त्या मजकुरात कुठेच नाही.

डोंगरउतारावर नागली करायची तर आधी राब लागतो. फांद्या, पाला, शेण, गवत अंथरून जमिनीचा तुकडा भाजायचा, त्यावर रोप करायचं आणि पाऊस लागला की ते उपटून वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत लावायचं. इंग्रजांचा 1878 चा वनकायदा आला, डोंगर राखीव झाले आणि राबासाठी फांदी तोडणं हा गुन्हा ठरू लागला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की 1885 मध्ये मुंबई सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. जे थोडंफार पिकायचं त्यावर सावकाराचा डोळा. पावसाळ्यात घरातलं धान्य सरलं की त्याच्याकडून पालेमोड, म्हणजे उसनं धान्य घ्यायचं आणि सुगीला दुपटीतिपटीने मोजून द्यायचं. नागली खळ्यावरूनच परस्पर जायची, घरच्या कणगीत पडायचीच नाही.

आणि रेशनने तारलं म्हणावं, तर 1992 मध्ये (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं तेव्हा रेशन होतंच की! आजही दिवाळी झाली की त्या भागातली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मूल तिथे नुसत्या भातावर वाढतं. कमी वयातली लग्नं, लांबचा दवाखाना, आईचा ॲनिमिया ही कारणंही आहेतच; नागलीने ती जाणार नाहीत आणि तसा दावा कुणी जाणता माणूस करतही नाही.

सुधारित बियाण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पाण्याच्या, खाचराच्या जमिनीत संकरित भात जास्त उतरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते बियाणं पुढच्या वर्षी पेरलं तर पीक सारखं येत नाही, म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी चढावी लागते. त्याच्याबरोबर खत येतं आणि हल्ली तणनाशकही. बांधावरचा टाकळा, कुर्डू, माठ हे कंपनीच्या लेखी तण. फवारणी झाली की तेही जळतं. म्हणजे भाताचा उतारा वाढला असं वहीत लिहिताना ताटातली भाजी गेली, ते कुणी मांडतच नाही. त्यातही जून ते ऑगस्ट म्हणजे घरातलं धान्य संपायचे महिने, आणि नेमक्या तेव्हाच या भाज्या उगवतात.

गावरान बियाणं मागासलेपणाचं लक्षण असेल, तर 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँड न लावता विकण्याचाही हक्क कशाला दिला असता? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या महादेव कोळी समाजातल्या राहीबाई पोपेरे यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठीच.

‘पाला खाणारे’ हा शब्द तर सरळ हिणवणारा आहे. शेवळं ही रानभाजी नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो, त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. म्हणून त्यात काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घालतात, नाहीतर चिंच. कडूकंद चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडायचा, वाहत्या ओढ्यात ठेवायचा, मगच तोंडात घालायचा. कुणी तरी हे शोधलं, तपासलं, पोरीबाळींना शिकवलं. प्रयोगशाळेत झालं असतं तर आपण त्याला संशोधन म्हटलं असतं.

जंगल संपवण्याच्या आरोपाला फार वेळ देत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (बांबू, मध, तेंदूपानं वगैरे) मालकी दिली, तशी जंगल राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तिथे बांबू गाव ठरवेल तसा तोडला जातो, आणि जंगल जागेवर आहे.

राहिलं फॅड. अन्न सार्वभौमत्वाची, म्हणजे आपलं अन्न आपण ठरवण्याच्या हक्काची मागणी 1996 मध्ये ला विया कांपेसिना या शेतकऱ्यांच्याच जागतिक संघटनेने मांडली. तिचा अर्थ रेशन बंद करा असा नाही. महिन्याला माणशी पाच किलो धान्य ज्या घराला आधार आहे, त्याला ते सोडायला सांगणं हा शुद्ध निर्दयपणा होईल. रेशनमध्ये काय यावं, शेतात काय पेरावं, जंगलातून काय घ्यावं हे गावाला विचारून ठरवा, एवढंच म्हणणं आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात नागलीसारख्या भरड धान्याचा दर किलोला 1 रुपया असा लिहिलेलाच होता. 2023 पासून रेशनचं धान्य मोफत आहे. आदिवासी भागात 2015 पासून गरोदर बायकांना अंगणवाडीत शिजवलेलं जेवण देणारी अमृत आहार योजना आहे. जव्हारची नागली जव्हारच्याच शेतकऱ्याकडून घेऊन तिथल्या अंगणवाडीत त्या नागलीची भाकरी वाढायला नवा कायदा लागत नाही.