राखेचं सिमेंट, तीन दिवसांचं पाणी आणि मामाचा स्लॅब

सावनेरला मामाच्या वरच्या मजल्याचं काम सुरू आहे. परवा त्यानं दुकानातून आलेली पीपीसीची, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटची, चाळीस पोती परत पाठवली आणि ५३ ग्रेडचं साधं, बिनराखेचं सिमेंट मागवलं. का, तर व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तोच मेसेज तोवर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा आणि बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर एकदा येऊन गेला होता. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पीपीसी म्हणजे राखेची भेसळ, अशा सिमेंटचा स्लॅब पाच वर्षांत गळतो, राखेतून किरणं निघतात आणि कॅन्सर होतो, ‘पर्यावरणपूरक’ हे कंपन्यांचं नाटक, म्हणून फक्त ५३ ग्रेड घ्या, त्याला तीन दिवस पाणी मारलं तरी पुरे आणि सेंट्रिंगही (स्लॅबखालच्या प्लेटा आणि टेकू) चौथ्या दिवशी खोलता येतं.

सोळा वर्षं साइटवर काढलीत, म्हणून मामाला फोन केला. तो हसला. “कंपनीनं तुले किती देल्ले रे?”

मेसेजच्या शेवटच्या ओळीपासूनच, तीन दिवसांचं पाणी आणि चौथ्या दिवशीचं सेंट्रिंग यांपासून, सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं पैशाचं नुकसान आहे, ही ओळ जिवावरची आहे.

५३ म्हणजे काय? त्या सिमेंटचा, ठरलेल्या रेतीत बनवलेला छोटा ठोकळा २८ दिवसांनी दाबून फोडला तर त्यानं किमान ५३ मेगापास्कल दाब सोसला पाहिजे. आणि ते २८ दिवस तो ठोकळा कुठे असतो? पहिला दिवस ओलाव्यात आणि पुढचे सगळे दिवस २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडालेला. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर मेसेजवाला तीन दिवसांत पाणी बंद करा म्हणतो, तो आकडाच चार आठवडे पाण्यात ठेवून मिळालेला आहे! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी तोडलं की ते काम तिथेच थांबतं.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात हे साफ लिहिलंय. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, कोरड्या-गरम हवेत १० दिवसांपेक्षा कमी नाही, राख मिसळलेल्याला किमान १० आणि शक्यतो १४ दिवस सतत ओलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यात ५३ ग्रेड भराभर घट्ट होताना स्वतःच जास्त तापतं, त्यामुळे तराई (पाणी मारून ओलं ठेवणं) चुकली की भेगा आधी त्यालाच पडतात. सेंट्रिंगचंही तसंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटलाही ७ दिवस काढायचे नाहीत, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस. चौथा दिवस यांनी कुठून आणला? सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, एवढंच मला तरी सुचतं.

आता मेसेजमधलं अर्धं खरं. राखेचं सिमेंट सुरुवातीला हळू चालतं, हे कबूल. तीन दिवसांना ५३ ग्रेडकडून किमान २७ मेगापास्कलची अपेक्षा, पीपीसीकडून १६ ची. २८ दिवसांना पीपीसीचं बंधन ३३ चं. पण राखेचं खरं काम तिथून पुढे चालू राहतं. सिमेंट घट्ट होताना चुना मोकळा होतो. राख तो पकडून त्याचाच आणखी चिकट पदार्थ बनवते आणि काँक्रीटची बारीक छिद्रं बुजतात. म्हणजे गळतीचा दोष जिच्यावर टाकलाय तीच पाणी अडवते, फक्त तराई झाली असेल तर. स्लॅब गळतो तो बहुतेक वेळा बादलीमुळे. माल सैल हवा म्हणून मिक्सरवाला पोत्यामागे पंचवीस लिटरच्या जागी अंदाजानं चाळीस ओततो. ते जादा पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या ठेवतं. आणि ज्याला राखेचं बांधकाम पाहायचं असेल त्यानं अकोले तालुक्यात घाटघरला जावं. भारतातलं पहिलं रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचं धरण तिथलं. त्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. धरण पाणी अडवायलाच बांधतात, मामा.

भेसळीचं दोन ओळींत संपतं. भेसळ लपवून करतात. इथे पोत्यावर ठळक छापलेलं असतं की हे फ्लाय ॲशचं पोर्टलँड पोझोलाना सिमेंट आहे, आणि शेजारी त्याच्या मानकाचा क्रमांक, आयएस १४८९. त्यात राख १५ ते ३५ टक्के. म्हणजे पन्नास किलोच्या पोत्यात फार तर साडेसतरा किलो. चुलीतली राख नव्हे, वीज केंद्राच्या धुरातून पकडलेली पिठासारखी बारीक राख. पोत्यावर काही छापलेलं नसेल तर मात्र खुशाल परत पाठवा.

किरणांचं म्हणाल तर कोळशात युरेनियम-थोरियमचे अंश असतात, जळल्यावर राखेत थोडे दाट होतात. मातीत आणि ग्रॅनाइटमध्येही असतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा असेल.

राहिलं नाटक. इथे मी कंपन्यांची वकिली करणार नाही. राख स्वस्त, क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून बनवलेला सिमेंटचा मूळ माल) महाग, त्यामुळे राख मिसळण्यात आधी त्यांचा फायदा आहे. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या खर्चातली, झाडं तर कायदाच लावून घेतो, २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५: ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं काढलेल्या देशातल्या प्रदूषित औद्योगिक भागांच्या यादीत चंद्रपूर चौथं होतं, कोळसा, वीज, सिमेंट सगळं मिळून. तिथल्या कपाशीवर बसलेली धूळ चकचकीत अहवालांनी पुसली जात नाही. हे प्रश्न विचाराच.

पण त्यासाठी राखेला शिव्या कशाला? एक टन शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, कोळशाचा धूर वेगळा. जेवढी राख पोत्यात, तेवढं क्लिंकर कमी. आणि पोत्यात न गेलेली राख कुठे जाते हे सावनेरच्या माणसाला मी सांगायचं? कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रं शेजारी. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला तेव्हा ती शेतात आणि नाल्यात कशी पसरली, याचे व्हिडिओ मला मामानंच पाठवले होते.

मामा काही ऐकला नाही. ५३ च येणार आहे, येऊ दे. मामीनं मात्र स्लॅबवर मातीची आळी करून चौदा दिवस पाणी साठवायचं कबूल केलंय आणि सेंट्रिंगवाल्याचे शेवटचे पैसे तोवर कपाटात ठेवलेत. शनिवारी स्लॅब टाकणार, मी सकाळी सहाला मिक्सरजवळ असेन. पाण्याची बादली माझ्या हातात राहील.