पुण्याजवळ स्वस्त घर हवंय? सोलापूरच्या दिशेने चालत राहा

पोरगं कँपसमधून लागलं, हिंजवडीला रुजू झालं, गल्लीत पेढे वाटून झाले. आता घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणणार, "भाड्यात पैसे कशाला घालवायलाय? पुण्याजवळ एक वन बीएचके घेऊन टाका की ओ."

घ्या. जरूर घ्या. निम्मं सोलापूर पुण्यात गेलंय, उरलेल्यांनी इथे बसून नळाकडे बघत राहण्यात काय हशील? मी नुकताच एक 'फ्री साइट व्हिजिट' करून आलोय. डोकं अजून थंड झालेलं नाही, तेव्हा आठवतंय तोवर चार सल्ले देऊन टाकतो.

आधी ऐपतीचा बाऊ करू नका. आपल्या सरकारचं आपल्याबद्दलचं मत फार चांगलं आहे. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला 1 टक्का जीएसटी लागतो, आणि परवडणारं घर म्हणजे 45 लाखांपर्यंतचं. तुम्हाला 45 लाख परवडत नसतील तर त्यात घराचा काय दोष? वर पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क 7 टक्के, नोंदणीचे 30 हजार वेगळे. घर नुसतं बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर दारावर तिच्या नावाची पाटी लागेल, तीही सवलतीसाठी. लागू दे.

सँपल फ्लॅटमधला पलंग टेप लावून मोजू नका, वाईट दिसतं.

आता मुख्य सल्ला. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. किलोमीटर ही रस्ते बांधणाऱ्यांची भानगड आहे. घर विकणारे मिनिटांत मोजतात. 'हडपसरपासून फक्त 25 मिनिटं!' कुठल्या वाहनाने, दिवसाच्या कुठल्या वेळी, हे विचारायचं नसतं. आम्हीही विचारलं नाही. मगरपट्ट्याजवळ एका तरुणाने आम्हाला एसी गाडीत बसवलं. तोंडाने गोड. मी काका, आमची ही काकू, आमचा पोरगा सर. पाण्याच्या बाटल्या दिल्या, हातात चकचकीत माहितीपत्रक दिलं. त्यात एक गोरं कुटुंब तळ्याकाठी हसत होतं. गाडी निघाली. मांजरी मागे पडली, लोणी काळभोर गेलं, थेऊर फाटा गेला. "किती राहिलं हो?" "आलंच काका, हा पट्टाच सगळा डेव्हलप होतोय." उरुळी कांचन आलं. बाजार आहे, रेल्वे स्टेशन आहे, माणसं राहतात, मला वाटलं इथेच उतरायचं. गाडी थांबली नाही. "उरुळीत रेट फार झालेत काका." म्हणजे जिथे माणसं राहतात तिथे रेट फार, म्हणून जिथे कुणी राहत नाही तिथे आम्हाला न्यायलाय. यवतही गेलं. रस्त्याकडेच्या दगडांवर सोलापूरचा आकडा एकेक कमी होत होता. पहाटे उठून ज्या रस्त्याने पुण्याला आलो, त्याच रस्त्याने हा गडी आम्हाला परत घरी सोडायला निघालाय, हे आमच्या हिला माझ्याआधी कळलं. ती शांतपणे त्याला म्हणाली, "असंच पुढं चला, भिगवणला मासे खाऊ, रात्री मुक्कामाला सोलापुरात."

त्याला विनोद कळला नाही. तो म्हणाला, "येस काकू, फ्यूचरमध्ये तिकडेपण प्रोजेक्ट येतोय."

साइटवर काय होतं? कमान होती. दगडी, सोनेरी अक्षरांची, दोन सिंह बसवलेली. कमानीमागे ऊस. "इथे क्लब हाउस," म्हणून त्याने बोट दाखवलं तिथे उसाला पाणी चालू होतं. "इथे जॉगिंग ट्रॅक." तिथे पाट. "आणि रिंग रोड इथून अगदी जवळून जाणार आहे, पुरंदरचा विमानतळ झाला की ही जागा कुठल्या कुठे जाईल." अरे बाबा, जागा आधीच कुठल्या कुठे आहे! पुरंदरच्या त्या विमानतळाच्या जोरावर किती वर्षं प्लॉट खपवले गेले याचा हिशेब कुणी ठेवलाय का? जमिनी जाणार म्हणून तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले, विमान उतरायचंय अजून, आणि भाव कधीच आभाळात. शिवाय पोराचं ऑफिस हिंजवडीला. हिंजवडी पुण्याच्या पश्चिमेला, हा ऊस पूर्वेला, मधे आख्खं पुणं. हडपसरचा गाडीतळ ओलांडायलाच माणसाची अर्धी हयात जाते. तिथून रोज जाऊन-येऊन करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात हुतात्मा एक्सप्रेस सोलापूर सोडून पुण्यात पोचलेली असते. चौथीतल्या पोराच्या हातात नकाशा दिला तरी तो सांगेल की हे पुणं नाही. दौंड तालुक्यातल्या उसाला पुणं म्हणून विकताना जीभ कशी रेटते यांची? त्या तरुणाचं एक वेळ सोडा, त्याला महिन्याचं टार्गेट आहे, तोही कुठल्या तरी गावाहून आलेला आणि कॉट बेसिसवर राहणारा. पण ते माहितीपत्रक ज्याने मंजूर केलं, ज्याने त्यावर '25 मिनिटं' छापायला सांगितलं, तो माणूस रोज त्या रस्त्याने येतो का? एकदा तरी आला असेल का, सकाळी नऊ वाजता, स्वतःच्या पायाने क्लच दाबत?

असो. सल्ल्यांकडे वळू.

कार्पेट किती, म्हणजे भिंतींच्या आत वापरायला जागा किती, हे विचारून त्या विकणाऱ्या तरुणाला अडचणीत आणू नका. बिल्डरांना वेसण घालणारा रेराचा कायदा 2016 चा, त्यात घर कार्पेटवर विकायचं असं स्वच्छ लिहिलंय. पण बोलण्यात अजून 'सेलेबल'च चालतं. सेलेबल साडेसहाशे म्हणतील, आत उभे राहाल तेव्हा चारशेच्या आसपास भरेल. उरलेलं घर जिन्यात, लिफ्टमध्ये आणि वॉचमनच्या खुर्चीखाली आहे. तुमचंच आहे ते. अधूनमधून जाऊन बसत जा तिथे.

पाण्याबद्दल तर सोलापूरकराने तोंडच उघडू नये. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी पिंपात, टाकीत, हंड्यात आणि वेळ पडली तर पातेल्यात साठवून आपण पोरं इंजिनिअर केली. पुण्याच्या कडेला घर घ्यायला याहून मोठी पात्रता कुठली? वाघोली 2021 साली आणखी 22 गावांच्या जोडीने महापालिकेत गेली, टँकर गेले नाहीत. खरं तर आपलं आणि पुण्याचं पाण्याचं नातं जुनं आहे. पुण्याने वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत आणि उजनीतून आपल्या नळाला येतं. इतकी वर्षं शहराचं शिल्लक आपण प्यालो. आता शहराजवळ राहायला जाऊन तेच टँकरने विकत घ्यायचं, एवढाच काय तो फरक.

फ्लॅट झेपत नसेल तर गुंठा घ्या. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, तेव्हा एवढ्या जुन्या गोष्टी मनाला लावून घेऊ नका. सातबाऱ्यावर तुमचं नाव दहा अनोळखी माणसांबरोबर सामाईक लागेल. गावाकडचे भाऊबंद सोडून आलात म्हणून वाईट वाटत होतं ना, इथे ताजे मिळतात.

हे सगळं होईपर्यंत पोराला भाड्याने राहू द्या. बॅचलर चालत नाहीत, हे गृहीत धरून चला. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकली आहे. खर्च तेवढा भाडेकरूकडून घ्यायचा, ही कायद्यात नसलेली पण मनापासून पाळली जाणारी रीत. मांसाहाराची चौकशी झाली तर शेंगाचटणीचा डबा पुढे करा आणि शीक कबाबाचं नाव काढू नका. डिपॉझिट परत मिळेल, असं समजून जगलात तर मन प्रसन्न राहतं.

आणि आपल्या लेकराला दर पंधरा दिवसांनी घरी यायची सोय आहेच की. फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आहे. सोमवारी सकाळची हुतात्मा बघा एकदा. डब्यातले निम्मे लोक पाठीवर लॅपटॉप, मांडीवर कडक भाकऱ्यांचं बोचकं घेऊन झोपलेले असतात. आपला माल जातो बघा कसा, वेळेवर.

हे लिहिता लिहिता माझं मलाच हसू येईना झालंय, म्हणून आता सरळ बोलतो.

एके काळी बाहेरची माणसं सोलापुरात घर शोधायला यायची. 1877 ला 'जुनी गिरणी' म्हणतात ती कापडगिरणी निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकातून कामगार आले. गिरण्यांनी माणसं बोलावली तशा त्यांच्यासाठी चाळीही बांधल्या. भोंगा बंद होऊन जमाना झाला, पण लक्ष्मी-विष्णू चाळ हा पत्ता रिक्षावाल्याला आजही कळतो. आजचे मालक काय देतात? पहिले पंधरा दिवस हॉटेल आणि नंतर शुभेच्छा. गावोगावची पोरं एका हिंजवडीत गोळा करायची आणि ती रात्री झोपतात कुठे, याच्याशी आपला काही संबंध नाही असं म्हणायचं. इकडे आमचे पुढारी. विमानासाठी 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, 2025 मध्ये विमान सुरूही झालं. चांगली गोष्ट आहे. पण त्या विमानात बसून इथे काम घेऊन कोण येणार, याचं उत्तर दर निवडणुकीला 'आयटी पार्क होणार' एवढंच. माझा पोरगा पाचवीत होता तेव्हापासून होतंय.

आणि आपण? कुंभारीला जाऊन या एकदा, फार लांब नाही, किलोमीटरमध्येच सांगतो, शहरापासून दहा-बारा. 2006 साली तिथे विडी वळणाऱ्या बायकांना 10 हजार घरं मिळाली. त्याच कुंभारीत रे नगरची 30 हजार घरांची योजना निघाली, त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांनी केलं. आकाशातून पडली नाहीत ती घरं. कामगार नेते नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, यांच्या मागे त्या बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर आल्या, घसा फोडून मागितलं, पोलिसांना भ्याल्या नाहीत. त्या घरांमध्येही उणिवा असतील, मान्य. पण मागितलं. आपण शिकलेले, पगारदार, आपल्याला मागायची लाज वाटते. विचारायचीसुद्धा लाज वाटते!

नव्या पेठेत चादर घेताना आपण ती उजेडात धरतो, उलटी करतो, काठाचा दोरा ओढून बघतो, पन्नास रुपयांसाठी तीन दुकानं फिरतो. आणि आयुष्यभराची पुंजी देताना? जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्यात रेरा राबवणाऱ्या प्राधिकरणाचा, क्यूआर कोड छापणं 1 ऑगस्ट 2023 पासून सक्तीचं आहे. दिवसभर शुभ सकाळचे फोटो पाठवणाऱ्या फोनने तो कोड एकदा स्कॅन करायला काय होतं? किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम नोंदणीकृत करारनाम्याशिवाय घेता येत नाही, हे कायद्यात आहे. किती जणांनी हे त्या टेबलापलीकडच्या माणसाला ऐकवलं? तो कॉफी देतो, सर म्हणतो, की आपण पाघळलो.

त्या दिवशी गाडीत आमच्याबरोबर बार्शीचं एक जोडपं होतं. त्यांनी तिथेच, त्या उसाकडे बघत, टोकनचे पैसे मोबाइलवरून टाकले. कार्पेट विचारलं नाही, रेराचा नंबर विचारला नाही, पावतीवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. का, तर ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. मी त्या गृहस्थांना बाजूला घेऊन म्हणालो, अहो, थांबा की दोन दिवस, कागद एखाद्या वकिलाला दाखवा. तर माझ्याकडेच संशयाने बघून म्हणाले, "आमच्या साडूंनी पण इथंच घेतलंय."

मग घ्या. साडू कागद वाचून घेतात की त्यांच्या साडूंना बघून, हे तरी विचारलंत का?