व्हायकिंगांचे किल्ले? दाराची चौकट वेगळंच सांगते

आयर्लंडच्या कुरणांतल्या गोल मातीच्या बांधांच्या, म्हणजे 'रिंगफोर्ट'च्या, फोटोंबरोबर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: 'हे व्हायकिंगांचे लष्करी किल्ले. आत सैनिकांच्या कच्च्या झोपड्या. भुतांच्या भीतीनं कुणी हात लावत नाही.'

आधी व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातून समुद्रमार्गे येणारे हल्लेखोर. त्यांनाच डेन म्हणत, आणि 'डेन लोकांचे किल्ले' हे नाव आयर्लंडमध्येच जुनं आहे, त्यामुळे चूक आजची नाही. पण अँट्रिम परगण्यातल्या डियर पार्क फार्म्स या अशाच एका रिंगफोर्टच्या उत्खननात एका घराच्या दाराची ओक लाकडाची चौकट मिळाली. लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून काळ निघाला इ.स. 648. आयर्लंडवरच्या व्हायकिंग हल्ल्याची पहिली नोंद आहे 795 ची. जवळजवळ दीडशे वर्षं आधी येऊन किल्ला कोण बांधेल? शिवाय 'राथ' आणि 'लिस' ही या जागांची नावं अस्सल आयरिश. लिस्मोर या गावाच्या नावाचा अर्थच 'मोठा लिस'.

आता किल्ला. असे रिंगफोर्ट 40 हजारांहून जास्त. एवढ्या ठाण्यांना शिबंदी आणायची कुठून? बहुतेकांना एकच बांध आणि एकच खंदक, आतली जागा साधारण 30 मीटर व्यासाची. आपण किल्ला म्हटलं की राजगड डोळ्यांसमोर आणतो. हे त्यापेक्षा शेतकऱ्याच्या वाड्याच्या जवळचं. संपत्ती गाईंमध्ये मोजणारा तो समाज, आणि गुरं पळवणं हा तिथला नित्याचा उद्योग. बांध त्यासाठी पुरेसा होता, वेढा सोसायला नव्हे. कॉर्क परगण्यातलं गॅरेन्स हे रिंगफोर्ट मात्र तीन बांधांचं. तिथे भूमध्य समुद्राकडून आलेली भांडी सापडली. तिथला मालक बडा होता, पण तोही परका नव्हे.

'कच्च्या झोपड्या' वाचून मात्र हसूच आलं. डियर पार्क फार्म्सला ओलाव्यामुळे कुडाच्या भिंतीसुद्धा टिकल्या. भिंत एक नव्हे, दोन. हेझल या झुडपाच्या काटक्यांनी विणलेल्या, आणि मधल्या पोकळीत ऊब राहावी म्हणून कोंबलेला पालापाचोळा. निळ्या रंगासाठी लागणाऱ्या वोड या वनस्पतीच्या शेंगा मिळाल्या, चामड्याचे जोडे मिळाले. उवा आणि पिसवाही मिळाल्या! म्हणजे माणसं इथे नांदत होती.

राहता राहिली भीती. ती खरी आहे, फक्त भुतांची नाही, परीलोकांची. अनेक शेतकऱ्यांनी नांगर या बांधांना वळसा घालून नेला, तो याच धास्तीनं.