पाऊस हुकला, वारा नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, परतीच्या पावसातल्या वादळांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘पंख्याखाली बसून मारलेल्या गप्पा’ म्हटलंत. चालेल. तुमची तक्रार अशी, की जळगाव जिल्ह्याला हवामान खात्याचा पिवळा इशारा होता, तुमच्या वावरात जेमतेम चार थेंब पडले आणि शेजारच्या शिवारात मात्र घडावर आलेली केळी आडवी झाली. मग असला अंदाज चुलीत घालायचा का?

पण इशाऱ्यातलं पूर्ण वाक्य तुम्हीच उतरवून पाठवलंय. ‘मेघगर्जना, विजा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने सोसाट्याचा वारा.’ तुम्ही ते पावसाच्या हिशेबाने वाचलंत. दोष एकट्या तुमचा नाही. टीव्हीवालेही ढगाचं चित्र दाखवतात आणि वाऱ्याचा आकडा गिळून टाकतात.

ऑक्टोबरात आपल्याकडे होतं काय? जमिनीत ओल असते, आभाळ मोकळं होतं, ऊन चटका देतं. खालची दमट हवा तापून वर चढते, पण मान्सून माघारी फिरताना वरच्या थरात कोरडी हवा शिरलेली असते. ढगातून निघालेला पाऊस त्या कोरड्या हवेत वाटेतच विरतो. विरताना हवा गार होते, जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणजे थेंब चार आणि वारा मुलखाचा, ही तुमच्या शिवारातली गोष्ट अंदाजाच्या विरोधात जात नाही, बाजूनेच जाते.

‘मग माझं गाव का नाही सांगत?’ हा प्रश्न मात्र बिनतोड आहे. खाली आपटणारा हा वाऱ्याचा झोत कधीकधी ४ किलोमीटरपेक्षाही अरुंद असतो आणि पाच-दहा मिनिटांत संपतो. जळगाव जिल्हा पावणेबारा हजार चौरस किलोमीटरचा, त्याला रंग एकच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेली अंदाजाची प्रणाली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली, तिची जाळीसुद्धा, म्हणजे अंदाजासाठी नकाशावर पाडलेले चौकोन, ६ किलोमीटरची. त्या जाळीतून हा झोत सहज निसटतो. सप्टेंबर २०२१ मधलं ‘गुलाब’ चक्रीवादळ आठवा : बंगालच्या उपसागरातून आलं, विरत विरत महाराष्ट्र-गुजरात ओलांडून अरबी समुद्रात गेलं आणि तिथे पुन्हा ‘शाहीन’ झालं. एवढ्या मोठ्या प्रणालीचा माग दिवसेंदिवस काढता येतो. दुपारी जन्मून संध्याकाळी मरणाऱ्या ढगाचा नाही.

तुमच्या आजोबांचा हस्ताचा अंदाज मी खोटा म्हणणार नाही. हत्ती नक्षत्रात गडगडाट होतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण आहे. पण ते पंधरवडा सांगतं. पिवळा इशारा दिवस सांगतो, आणि पुढच्या तीन तासांसाठी येणारा तात्कालिक अंदाज वेळ सांगतो. आपण नेमका हा तिसरा बघत नाही.

‘शेतकऱ्याने रोज मोबाईल घेऊन बसायचं का?’ रोज नको. इशाऱ्यात वाऱ्याचा आकडा असेल त्याच दिवशी, जेवण झाल्यावर एकदा आणि चारच्या सुमारास एकदा. सातपुड्याच्या अंगाला ढग फुलकोबीसारखे वर चढताना दिसले तर फवारणी उद्यावर टाका, वेचलेला कापूस ताडपत्रीखाली घ्या. केळीला टेकू द्यायचे राहिले असतील तर ते सकाळीच उरका, वारा सुटल्यावर बागेत शिरू नका. आणि मजूर बायांना लिंबाखाली थांबू देऊ नका, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप त्यांच्या मुकादमाच्या फोनवरही घालून द्या.